नाक चोंदलेले लेकरू आणि घरातली कुस्ती

थंडी सुरू झाली की वरूडच्या बाजारात संत्र्यांचे ढीग दिसू लागतात आणि दवाखान्यांत नाक गळणाऱ्या लेकरांची रांग लागते. यातील बहुतेक आयांची तक्रार सर्दीची नसतेच. "सर्दीचं तं ठीक आहे जी, पण हा नाकाले हातच लावू देत नाही," ही खरी तक्रार असते. मग घरी कुस्ती होते. आजी पाय धरते, वडील हात आणि डोके आवळून धरतात आणि आई पदराच्या टोकाने नाक पुसायला जाते. लेकरू घर डोक्यावर घेते. नाक मात्र होते तसेच चोंदलेले राहते.

ही कुस्ती टाळता येते. किंबहुना ती टाळलीच पाहिजे. मूल रडले की नाकाच्या आतील अस्तराला आणखी सूज येते, डोळ्यांतील पाणीही नाकातच उतरते आणि शेंबूड वाढतो. म्हणजे ज्यासाठी धरपकड केली तेच बिघडते. शिवाय एक ते तीन वर्षांच्या मुलाची आठवण पक्की असते. आज जबरदस्ती झाली तर उद्या बाटली दिसताच ते पळ काढते.

नाक का चोंदते?

बहुतेक सर्दी विषाणूंमुळे होते. लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे ही सामान्य गोष्ट आहे. अंगणवाडीत जाणाऱ्या किंवा घरात मोठी भावंडे असणाऱ्या मुलांना ती अधिक वेळाही होते. ती साधारण आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होते. मधल्या दिवसांत शेंबूड घट्ट, पिवळा वा हिरवा होतो. केवळ रंग बदलला म्हणून प्रतिजैविकांची म्हणजे ॲन्टिबायोटिक औषधांची गरज नसते.

मोठी माणसे नाक शिंकरून मोकळी होतात. ही कला मुलांना साधारण दोन-तीन वर्षांपर्यंत जमत नाही. त्यांना नाकपुड्याही अरुंद असतात. थोडासा शेंबूड सुकला तरी वाट बंद होते आणि मग दूध पिताना दम तुटतो, झोप मोडते, चिडचिड होते.

यातच एक दिलासाही आहे. नाक वाहत असले तरी मूल खेळत असेल, खातपीत असेल, तर दर दहा मिनिटांनी त्याच्या मागे रुमाल घेऊन धावण्याचे कारण नाही. दिवसातून दोन वेळा महत्त्वाच्या : जेवणा-दुधाच्या आधी आणि झोपेच्या आधी. तेवढ्या साधल्या तरी पुरे.

खारे पाणी : साधे पण गुणकारी

वाळलेला शेंबूड ओढून काढायचा नसतो, तो आधी भिजवायचा असतो. त्यासाठी मिठाचे सौम्य पाणी उत्तम. औषधाच्या दुकानात नाकात घालायचे सलाईनचे थेंब मिळतात. बाटलीवर फक्त सोडियम क्लोराईड (०.६५ किंवा ०.९ टक्के) असे लिहिलेले असावे. 'झायलोमेटाझोलिन' किंवा 'ऑक्सिमेटाझोलिन' हे शब्द दिसले तर ते औषध वेगळे. ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लहान मुलाच्या नाकात घालू नये. बाटल्या दिसायला सारख्याच असतात, म्हणून वाचून घ्यावे, वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्यावे.

घरी करायचे झाल्यास पाणी खळखळ उकळून झाकून थंड करावे. पाव लिटर पाण्यात चहाचा लहान सपाट अर्धा चमचा किंवा त्याहून किंचित कमी मीठ विरघळवावे. चव डोळ्यांतील पाण्याइतकी खारट लागली पाहिजे. त्याहून खारट झाले तर नाक चुरचुरते. हे पाणी रोज ताजे करावे, उरलेले फेकून द्यावे. न उकळलेले विहिरीचे, बोअरचे किंवा नळाचे पाणी नाकात घालू नये.

धरपकड न करता

१) थेंबांची बाटली आधी मुठीत धरून कोमट करावी. मुले पुष्कळदा थेंबाला नव्हे, त्याच्या गारव्याला भितात.

२) आधी बाहुलीच्या, मग आईच्या किंवा दादाच्या नाकात थेंब टाकून दाखवावेत. दादा हसला की लेकरू जवळ येते. रिकामे ड्रॉपर त्याच्या हातात देऊन त्याला बाहुलीचे नाक 'साफ' करू द्यावे.

३) "नाक साफ करू का?" असे विचारले तर उत्तर "नाही" असेच येणार. त्याऐवजी "आधी या बाजूचं की त्या बाजूचं?" असे विचारावे. निवड त्याच्या हाती राहिली की विरोध कमी होतो.

४) मुलाला मांडीवर आडवे घ्यावे, मान किंचित मागे करावी. प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब टाकावेत आणि एक-दोन मिनिटे गाणे म्हणावे किंवा दहापर्यंत आकडे मोजावेत. या वेळात शेंबूड भिजून सुटतो. मग उठवून बसवावे. बरेचसे आपोआप बाहेर येते, शिंकही येते.

५) बाहेर आलेले मऊ, ओल्या सुती फडक्याने टिपावे, घासू नये. नाकाखालची कातडी सोलवटली की दुसऱ्या दिवशी हात लावणे अशक्य होते. तेथे थोडे व्हॅसलीन लावावे.

६) तरीही नाक बंद राहिले तर रबरी फुग्याचा पंप वापरता येतो. फुगा आधी दाबावा, टोक नाकपुडीच्या तोंडाशीच ठेवावे आणि हळूहळू सोडावा. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त करू नये. नंतर तो गरम साबणपाण्याने आतून धुऊन वाळवावा.

७) ज्याला काहीच चालत नाही, त्याला गाढ झोप लागल्यावर डोके थोडे उंच धरून एक-एक थेंब घालावा. कोमट पाण्याच्या आंघोळीनंतरही शेंबूड सैल होतो, ती वेळ साधावी.

दोन वर्षांच्या पुढे शिंकरणे शिकवावे. तळहातावर कापसाचा लहान बोळा किंवा झेंडूची पाकळी ठेवावी आणि तोंड मिटून नाकाच्या वाऱ्याने ती उडवायला सांगावी. हा खेळ मूल सर्दी नसताना आनंदाने खेळते आणि सर्दीत तो कामी येतो. एका वेळी एकच नाकपुडी हलकेच दाबावी, जोर लावू देऊ नये.

हे मात्र करू नका

नाकात तेल किंवा तूप सोडू नये. ते श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कापराची पुरचुंडी गळ्यात बांधू नये. मुलाने ती चघळली, कापूर पोटात गेला तर झटके येतात. कापूर-निलगिरीचे मलम दोन वर्षांखालील मुलाला लावू नये आणि कोणत्याही वयात नाकाच्या आत लावू नये. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मुलाला वाफ देऊ नये, भाजण्याचा मोठा धोका असतो. काडी, नख किंवा कापसाची कांडी नाकात घालू नये. चुलीचा, विडीचा आणि मच्छर अगरबत्तीचा धूर मुलापासून दूर ठेवावा.

सर्वांत महत्त्वाचे, सर्दी-खोकल्याचे सिरप आपल्या मनाने देऊ नये. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात काय घडले ते आपण विसरू नये. साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या 'कोल्ड्रिफ' या सिरपमध्ये डायथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. मूत्रपिंडे निकामी होऊन वीसच्या वर बालके दगावली, त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्याच ऑक्टोबरात केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली : दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा सुचविली जात नाहीत. शेजारच्या मुलाची उरलेली बाटली तर मुळीच वापरू नये. मिठाच्या पाण्याने जे काम होते, त्यासाठी एवढी जोखीम कशाला?

आणि आपल्या भागातला एक प्रश्न. सर्दीत संत्रे बंद करावे का? संत्र्याने सर्दी होत नाही. मूल मागत असेल तर बी काढून फोडी द्याव्यात. बी काढणे मात्र विसरू नये, कारण ती नाकात जाऊन बसल्याची उदाहरणे कमी नाहीत.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास असतील, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल पीत नसेल किंवा फार सुस्त असेल, तर रात्र काढू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला तरीही तसेच. कान दुखणे, तीन दिवसांपेक्षा जास्त ताप किंवा दहा दिवसांनंतरही कमी न होणारी सर्दी दाखवून घ्यावी.

एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर आत हरभरा, मणी, चिंचोका असे काही अडकल्याचा संशय घ्यावा. ते घरी काढू नये. खेळण्यातील किंवा घड्याळातील गोल चपटा सेल नाकात गेला असेल तर काही तासांतच आतील पडदा जळतो. अशा वेळी नाकात कसलेही थेंब न घालता थेट रुग्णालयात जावे.

एरवी बाटली मुठीत कोमट करावी, लेकराला मांडीवर घ्यावे आणि घाई करू नये. पहिल्या दिवशी दोनऐवजी एकच थेंब गेला तरी चालेल. लेकरू दुसऱ्या दिवशी पळाले नाही, म्हणजे अर्धे काम झाले.