नांवावरून काम : लिस्प भाषांतील एक प्रश्न

चंद्रपूर जिल्ह्यांतील गडचांदूर हें गांव चुनखडी आणि सिमेंट यांसाठीं ओळखलें जातें. तेथील एखाद्या कारखान्याच्या फाटकावर ट्रकांची रांग लागली आहे, अशी कल्पना करावी. प्रत्येक चालकाच्या हातीं चिठ्ठी. एकीवर 'वजन', तर दुसरीवर 'भरणी'. कारकून चिठ्ठी वाचतो, आणि मगच गाडी कोठें धाडावयाची तें ठरतें. गणकयंत्रापुढेंही नेमका हाच प्रश्न येतो. कामाचें नांव आयत्या वेळीं हातीं आलें, तर तें काम करवून घ्यावें कसें?

जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ सालीं अमेरिकेंत लिस्प भाषेची मांडणी आरंभिली. तींत प्रत्येक आज्ञा ही एक यादीच असते : प्रथम कामाचें नांव, मागून सामग्री. रिच हिकी यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेली क्लोजर ही त्याच कुळांतील भाषा. ती जावाच्या यंत्रणेवर चालते व जावाचीं कामें वापरते. जावांत संबंधित कामांच्या संचास क्लास आणि त्यांतील एकेका कामास मेथड म्हणतात.

अडचण येथेंच उद्भवते. क्लोजरमध्यें मेथडचें नांव आज्ञेंत अक्षरशः लिहावें लागतें. त्या जागीं 'चिठ्ठी' असें लिहिलें, तर यंत्र 'चिठ्ठी' नांवाचीच मेथड शोधूं लागतें. चिठ्ठीवर काय लिहिलें आहे, तें पाहत नाहीं. मॅक्रोचाही येथें उपयोग नाहीं. कारण त्याचें काम ट्रक येण्यापूर्वीं, आज्ञा सिद्ध होतांनाच, उरकलेलें असतें.

मार्ग तीन आहेत. पहिला, आयत्या वेळीं आज्ञेची यादी रचून ती 'इव्हॅल'कडून चालविणें. दुसरा, रिफ्लेक्शन, म्हणजे क्लास चाळून त्या नांवाची मेथड शोधणें. हे दोन्ही मार्ग मंद आहेत; शिवाय चिठ्ठी परक्याची असली, तर धोक्याचेही. 'सारें हिशेब पुसा' असें कोणी लिहून आणलें, तर इव्हॅल तेंही निमूटपणें करील. तिसरा मार्ग कारकुनाचा : परवानगी असलेल्या नांवांचा तक्ता ठेवावा व प्रत्येक नांवापुढें त्याचें काम मांडावें. तक्त्यांत नांव नसेल, तर गाडी फाटकावरूनच परत. २०२४ सालच्या क्लोजर १.१२ आवृत्तीपासून मेथड स्वतःच अशा तक्त्यांत मांडतां येते. पूर्वीं ती निराळ्या फंक्शनमध्यें गुंडाळावी लागे.

नांव कोणीही आणावें. त्या नांवानें काय घडेल, हें मात्र घरधन्यानेंच आधीं ठरवून ठेवावें.