मागे घर बांधून ऊडनडाटाच्या वाटेवर

दक्षिण ऑस्ट्रेलियातलं मरी गाव मागे पडलं की डांबर संपतं. पुढे मार्लापर्यंत सुमारे 620 किलोमीटर कच्चा रस्ता, ऊडनडाटा ट्रॅक. अडीच टनांची कॅरॅव्हॅन ओढत त्यावर निघायचं, तर पहिलं काम टायरमधली हवा काढण्याचं. चाळिसाच्या आसपास असलेली हवा 28-30 पौंडांवर आणायची. मऊ टायर टोकदार दगड पोटात घेतो, कडक टायर फाटतो. पण कमी हवेचा टायर वेगात तापतो, म्हणून काटा साठच्या पुढे जाऊ द्यायचा नाही.

या रस्त्यावर खड्ड्यांपेक्षा पन्हळींचा जाच मोठा. सुट्या खडीवरून जाणारं चाक बारीकशा उंचवट्यावर उसळतं, पलीकडे आपटतं आणि तिथली खडी सारतं. मागून येणारं चाक नेमकं तिथेच आपटतं. असं होत होत सगळा रस्ताच पन्हळी पत्र्यासारखा होतो. गाडीची थरथर स्टिअरिंगवरच्या हातांना कळते, कॅरॅव्हॅनची कळत नाही. ती मागे, आपणच उडवलेल्या फुफाट्यात असते. तिथे कपाटांचे स्क्रू सैल होत असतात, टाकीखालचा पाइप घासला जात असतो, शॉक अ‍ॅब्सॉर्बर तापत असतात. आरशात दिसते फक्त लाल धूळ.

म्हणून ठरावीक अंतराने थांबायचं, उतरायचं आणि प्रत्येक चाकाच्या हबवर तळवा ठेवायचा. सगळे सारखेच कोमट असले तर ठीक. एकच चटका देत असेल, तर बेअरिंग जायला आलंय किंवा ब्रेक चिकटलाय. मग पाना घेऊन नट, कपलिंगची पिन, साखळ्यांचे शॅकल. ही तपासणी मला गाडी चालवण्यापेक्षाही महत्त्वाची वाटते. ती टाळणारा माणूस केवळ दैवावर चालतो.

सामान भरतानाही हीच शिस्त. जड वस्तू खाली, आसाच्या वर. कपलिंगवर एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा. मागचा भाग जड झाला तर कॅरॅव्हॅन डोलू लागते. त्या क्षणी गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर हळूच सोडायचा आणि फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक हाताने लावायचे. समोरून रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर ओढणारा ट्रक, आला तर डावीकडे घेऊन थांबायचं. 53 मीटर लांबीचं ते धूड गेल्यावर धूळ बसेपर्यंत हलायचं नाही.

ओझं ओढत इथून जाणारे आपण पहिले नव्हे. जमिनीतून वर येणाऱ्या झऱ्यांची रांग आहे, म्हणून वाट इथून गेली. तारायंत्राच्या तारा 1872 मध्ये या बाजूने पुऱ्या झाल्या, रेल्वे 1891 मध्ये ऊडनडाटाला पोचली आणि 1980 मध्ये बंद पडली. रेल्वेआधी माल उंटांवर जाई. 1866 मध्ये शंभराहून अधिक उंट आणि त्यांचे हाके आले ते कराचीहून, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातूनच.

पाऊस झाला की हा रस्ता बंद करतात. बंदची पाटी दिसली तर कृपया आहात तिथेच मुक्काम वाढवा. ओल्या मातीत जड कॅरॅव्हॅनने पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात, आणि रस्ता सपाट करणारं ग्रेडर यंत्र येईपर्यंत मागून येणाऱ्या प्रत्येकाला त्या भोगाव्या लागतात.