‘खेप’ आणि ‘ब्रास’ : बीडकडील घरदुरुस्तीतील राडारोड्याचा हिशेब

बीड जिल्ह्यात एखादे जुने घर दुरुस्तीस काढले म्हणजे राडारोडा उचलण्याच्या खर्चाची बोलणी एका ठराविक प्रश्नाने सुरू होतात : “किती खेपा होतील?” ह्या प्रश्नाचे उत्तर घरमालकाला ठाऊक नसते आणि ट्रॅक्टरवाल्यालाही नक्की सांगता येत नाही. तरीही दर ठरतो तो खेपेचाच. विटांचा हिशेब हजारावर, वाळूचा ब्रासवर, गवंड्याचा रोजावर. राडारोड्याचा मात्र फेरीवर. ह्या एका शब्दाच्या अर्थात किती पैसा दडलेला असतो, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

‘खेप’ हा शब्द संस्कृत ‘क्षेप’ ह्या शब्दापासून आलेला आहे. फेकणे, टाकणे हा त्याच्या मुळाचा अर्थ होय. मराठीत त्याला ‘ओझे घेऊन केलेली फेरी’ आणि ‘एका फेरीत नेलेले ओझे’ असे दोन अर्थ प्राप्त झाले. ‘पहिल्या खेपेस’, ‘ह्या खेपेला’ अशा प्रयोगांत तर ओझेही गळून पडते व केवळ ‘वेळ’ किंवा ‘पाळी’ एवढाच अर्थ उरतो. म्हणजे खेप हे मूलतः घनमाप नव्हेच, ती क्रियेची गणना आहे. पाण्याच्या खेपा मोजताना घागर एकच असल्यामुळे गणनेचे माप आपोआप होते. राडारोड्याच्या खेपांत घागर दर वेळी बदलते, आणि घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे.

जुन्या गावातील अरुंद बोळांतून कुंभार, बेलदार, वडार ह्यांची गाढवे माती-दगड वाहत, तेव्हाही हिशेब खेपेवर होऊ शके. पण गाढवाच्या पाठीला निसर्गाने घातलेली मर्यादा दोन्ही पक्षांना दिसत असे. ट्रॉलीला अशी मर्यादा नाही. समजा, एक ट्रॉली आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद व २ फूट उंच आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात १२० घनफूट माल बसतो. तीच दीड फुटापर्यंत भरली तर ९० घनफूट. आणि वर सरासरी अर्ध्या फुटाची शीग चढविली तर १५० घनफूट. धान्य मोजताना माप ‘सपाट’ की ‘शिगेचे’ हे पूर्वी आधी ठरवून घेत. ‘शिगोशीग’ हा शब्द आज भाषेत आलंकारिक अर्थाने उरला आहे. ट्रॉलीच्या सौद्यात त्याचा मूळ अर्थ अजून पैशांत मोजता येतो.

घनमापासाठी बांधकामाच्या व्यवहारात ‘ब्रास’ रूढ आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. वाळू, खडी, मुरूम ह्यांची खरेदी ब्रासवर होते, आणि गौण खनिजावरील स्वामित्वधनही ब्रासवरच आकारले जाते. (फरशी किंवा गिलावा ह्यांच्या बाबतीत मात्र १०० चौरस फुटांनाही ब्रासच म्हणतात, नवख्याने तेवढे सावध राहिलेले बरे.) लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, घरात येणारा माल ब्रासने येतो आणि घरातून जाणारा माल खेपेने जातो. जे विकत घ्यावयाचे ते मोजले जाते. जे टाकावयाचे ते कोणी मोजीत नाही.

आता हिशेब पाहू. मातीत बांधलेली दगडी भिंत २० फूट लांब, १० फूट उंच व २ फूट रुंद असेल तर उभ्या स्थितीत ती ४०० घनफूट, म्हणजे ४ ब्रास भरते. पण पाडलेली भिंत उभ्या भिंतीएवढी राहत नाही. दगडांमध्ये पोकळ्या राहतात, माती सुटी होते, आणि ढिगाचे आकारमान सुमारे दीडपटीवर जाते. तेव्हा उचलावयाचा माल ६ ब्रास होय. दीड फूट भरलेल्या ट्रॉलीने त्याच्या ७ खेपा होतील, शिगेच्या ट्रॉलीने ४. खेपेचा दर केवळ हिशेबाच्या सोयीसाठी १००० रुपये धरला, तर तीच भिंत एका घरमालकास ७००० रुपयांना पडेल व दुसऱ्यास ४००० रुपयांना. आणि दोघेही शेजाऱ्याला ‘हजार रुपये खेप’ असाच दर सांगतील. मात्र शिगेच्या ट्रॉलीत साडेपाच टनांच्या आसपास वजन चढते. त्याचा भार ट्रॅक्टरच्या धुऱ्यावर आणि मागून येणाऱ्या वाहनांवर पडतो. तेव्हा ट्रॉली कमी भरणारा ट्रॅक्टरवाला प्रत्येक वेळी लबाडच असतो, असे समजण्याचे कारण नाही.

अमेरिकेत हाच व्यवहार वेगळ्या रीतीने चालतो. तेथे घरासमोर एक मोठी लोखंडी पेटी आणून ठेवतात. घरमालक आपल्या सवडीने ती भरतो आणि ठरलेल्या मुदतीनंतर ती उचलून नेतात. तिला ‘डंपस्टर’ म्हणतात. हे नाव टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथील डेम्पस्टर बंधूंच्या कारखान्यातून, १९३०नंतरच्या दशकात निघाले. कुलनामाचा ‘डंप’ ह्या क्रियापदाशी संकर होऊन प्रथम व्यापारी नाव तयार झाले आणि पुढे ते सामान्यनाम बनले. आपल्याकडे मोठ्या टिपरला सर्रास ‘हायवा’ म्हणतात, ती एका डच कंपनीच्या नावाची अशीच गत, ‘जेसीबी’चीही तीच. डंपस्टरचे भाडे पेटीचे आकारमान, दिवसांची मुदत व वजनाची मर्यादा ह्या तिहींवर ठरते आणि ते सामान्यतः काही शे डॉलर असते. १० घनयार्डांची पेटी म्हणजे २७० घनफूट, आपल्या भाषेत २.७ ब्रास. वरील भिंतीस अशा तीन पेट्या लागतील, आणि दगडमातीमुळे वजनाची मर्यादा बहुधा पेटी भरण्याआधीच ओलांडली जाईल. तेथे भाडे पात्राचे आहे, आपल्याकडे फेरीचे. पात्राच्या भाड्यात भरण्याचे श्रम घरमालकाचे असतात, हे उघड दिसते. फेरीच्या भाड्यात ते कोणाचे, हा प्रश्न मोकळाच राहतो. भरणीची मजुरी खेपेत धरली आहे की वेगळी, हे आधी बोलले गेले नाही, तर पहिली ट्रॉली दारात उभी राहताच वाद उभा राहतो.

भरणीचा हा प्रश्न बीड जिल्ह्यात ऋतूशी जखडलेला आहे. दिवाळीच्या सुमारास येथील ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात कारखान्यांकडे जातात. कित्येक ट्रॅक्टर-ट्रॉल्याही ऊस वाहण्यास जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. म्हणून पाडकाम पाडव्यानंतर व मृगापूर्वी काढण्याची रीत आहे. त्या काळात माणसे व वाहने दोन्ही मिळतात, पण मागणीही तेव्हाच असते. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि उचल कोयत्यावर ठरते. दोन माणसांचे श्रम एका हत्याराच्या नावाखाली झाकले जातात. ‘खेप’ ह्या शब्दातही तसेच होते. घमेल्याने ट्रॉली भरणाऱ्या बायका त्या शब्दाच्या पोटात असतात, पण दर सांगताना दिसत नाहीत.

खेपा कमी करण्याचा खरा उपाय घासाघीस नसून निवड हा आहे. ‘राडारोडा’ हा जोडशब्द त्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे : राडा म्हणजे चिखलमाती, रोडा म्हणजे दगडविटांचा तुकडा. उर्दू-हिंदीकडून आलेल्या ‘मलबा’ शब्दात असा भेद नाही. जुन्या माळवदाच्या घरातून तुळया व सर निघतात, त्यांना गिऱ्हाईक असते. लोखंड भंगारात जाते, घडीव दगड पुन्हा बांधकामास लागतो. वरील भिंतीतील निम्मा माल दगड म्हणून बाजूस काढला, तर सातांऐवजी चार खेपांत काम भागते. माळवदाच्या मातीची गोष्ट तर आणखी निराळी. ती बहुधा गावठाणातील ‘पांढरी’. काळी ही शेताची आणि पांढरी ही वस्तीची, हा भेद जुन्या महसुली भाषेत पक्का होता. तरी वस्तीची पांढरी माती खत म्हणून काळीत नेण्याचा प्रघातही तितकाच जुना. अशी माती नेण्यास शेतकरी कित्येकदा स्वतःची गाडी आणतो आणि ती खेप घरमालकास फुकट पडते. जोत्यात भर घालण्यासाठी विटांचे रोडे चालतात. लाकडाचे तुकडे मात्र वेचून काढावे लागतात, नाहीतर वाळवीला आयते निमंत्रण मिळते. काळी माती तर जोत्यात घालूच नये. ती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते.

उरला तो खरा टाकाऊ भाग. ‘नेऊन टाकणे’ ह्या क्रियापदाला सौद्यात स्थलवाचक पद क्वचितच जोडलेले असते. खेपेचा दर अंतरावर अवलंबून असल्याने, स्थळ न ठरविता दर पाडून मागितला की अंतरही कमी होते आणि माल जवळच्या ओढ्यात वा नदीपात्रात पडतो. बीड शहराच्या मधून बिंदुसरा वाहते. १९८९ साली तिला आलेल्या पुराने शहराचे किती नुकसान केले, हे तेथील वृद्धांना सांगावे लागत नाही. पात्रात पडलेल्या प्रत्येक ट्रॉलीने पुराच्या पाण्याची वाट तेवढी अडते. बांधकाम व पाडकाम कचऱ्याविषयी केंद्र सरकारने २०१६ साली केलेल्या नियमांनी असा कचरा गटारात वा रहदारीच्या वाटेवर टाकण्यास मनाई केली. घरदुरुस्तीचा राडारोडाही त्या व्याख्येत होता. स्थानिक संस्थेने योग्य पेट्या ठेवाव्यात व भरल्यावर त्या हलवाव्यात, अशी तरतूदही त्यांत होती. म्हणजे नियमांची कल्पना पात्राची होती आणि लोकव्यवहार फेरीचा. एका दिवसात २० टनांहून अधिक कचरा करणाऱ्यावर त्यांनी जादा जबाबदाऱ्या घातल्या. वरील एकच भिंत यंत्राने एका दिवसात पाडली, तर तिचे वजन ह्या मर्यादेच्या आसपास जाते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. ह्या नियमांच्या जागी २०२५ साली नवे नियम अधिसूचित झाले आणि त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली.

पायासाठी खोदलेली माती ही आणखी वेगळी बाब. ती त्याच जागेवर भरावास वापरली तर तिच्यावर स्वामित्वधन मागता येईल काय, हा वाद पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. डिसेंबर २०१४ मधील निकालात न्यायालयाने मातीच्या उपयोगाला महत्त्व दिले. नुसते खोदकाम झाले म्हणून आकारणी करता येत नाही, असे ठरविले. एकाच घराच्या कामात भिंतीची माती राडारोडा, माळवदाची माती खत आणि पायाची माती कदाचित गौण खनिज ठरते. तिन्ही ट्रॉल्या रस्त्यावरून जाताना सारख्याच दिसतात. म्हणून सौदा ठरविताना ट्रॉलीची लांबी-रुंदी-उंची, ती सपाट की शिगेची, भरणी कोणाची आणि माल कोठे टाकावयाचा, ही चार पदे ‘खेप’ ह्या शब्दाला जोडून घ्यावी लागतात. ती एका चिठ्ठीवर सहज मावतात.