दुबळे यजमान

जिवाणू अगारच्या थाळीवर वाढतात. विषाणूला जिवंत पेशीच लागते. त्यामुळे माणसाला होणाऱ्या विषाणूजन्य आजाराचा अभ्यास करायचा, तर त्या विषाणूसाठी आधी यजमान शोधावा लागतो. हा यजमान एखादा प्राणी असतो, कोंबडीचे फलित अंडे असते किंवा बाटलीत वाढवलेल्या पेशी असतात. प्रयोगशाळेत यांना मॉडेल म्हणतात.

पुण्यातील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एनआयव्ही, हिच्या इतिहासात ही सगळी मॉडेल एकामागून एक भेटतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी 1952 साली ती 'व्हायरस रिसर्च सेंटर' या नावाने सुरू केली. डास आणि गोचिडांमार्फत पसरणारे विषाणू हा तिचा मूळ विषय, आणि त्यासाठीचे पहिले साधन म्हणजे उंदराची एक-दोन दिवसांची पिले. रुग्णाच्या रक्ताचा थेंबभर अंश बारीक सुईने पिलाच्या मेंदूत सोडायचा, पिलू पुन्हा आईपाशी ठेवायचे आणि रोज निरखायचे. आजारी पिलू दूध पिणे सोडते, घोळक्यापासून बाजूला पडते, त्याचे पाय लुळे पडतात. मग त्याचा मेंदू काढून, वाटून पुढच्या पिलांना टोचायचा. मेलेली पिले आईच खाऊन टाकते, म्हणून नजर सतत ठेवावी लागे. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसेही तापाने फणफणली, तेव्हा त्यामागचा नवा विषाणू याच पद्धतीने हाती लागला.

पिलाची प्रतिकारशक्ती कच्ची असते, म्हणून त्याच्यात अनेक विषाणू वाढतात. पण मेंदूत थेट टोचलेल्या विषाणूने तान्हे पिलू मरते, एवढ्यावरून तोच विषाणू माणसाच्या शरीरात काय करतो हे कळत नाही.

1967 साली याच संस्थेतील के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्ती या डासांच्या अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्यांपासून पेशी वाढवल्या. संस्थेने जगाला दिलेल्या गोष्टींत या पेशींचे स्थान फार वरचे आहे, आणि त्यांची दखल मात्र आपल्याकडे कमीच घेतली जाते. या पेशींना सुमारे 28 अंश सेल्सियस तापमान पुरते. जपानी शास्त्रज्ञ इगाराशी यांनी 1978 साली अल्बोपिक्टसच्या पेशींतून सी6/36 ही मालिका निवडून काढली. डेंगी आणि चिकुनगुन्याचे विषाणू वेगळे करण्यासाठी ती आज जगभर वापरली जाते. तिच्यात विषाणू इतके सहज का वाढतात, याचा उलगडा पुढे 2010 च्या सुमारास झाला. विषाणूचा आरएनए तुकडे करून निकामी करणारी डासाची यंत्रणा या पेशींत बिघडलेली आहे.

आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून जपानमध्ये 1962 साली तयार झालेल्या व्हेरो पेशींचेही असेच. त्यांना स्वतःचे इंटरफेरॉन बनवता येत नाही, त्यामुळे विषाणू शिरल्याचा इशारा शेजारच्या पेशींपर्यंत जात नाही. डेंगी साध्या उंदरात नीट रुजत नाही, म्हणून त्याच्या अभ्यासासाठी इंटरफेरॉनचा संदेश घेणारे ग्राहकच काढून टाकलेले एजी129 उंदीर वापरतात. थोडक्यात, यजमान जितका दुबळा, तितका विषाणू हाती लागणे सोपे. मात्र शरीर प्रतिकार कसे करते, हे त्याच्यात दिसत नाही.

लसीसाठी नेमके तेच पाहायचे असते. कोविडच्या मूळ विषाणूला साध्या उंदराच्या पेशींत शिरता येत नव्हते, कारण विषाणू ज्याला चिकटून आत शिरतो तो एसीई2 ग्राहक उंदरात माणसापेक्षा वेगळा आहे. सिरियन हॅमस्टरला मात्र लागण होते, फुप्फुसांना सूज येते, वजन घटते आणि साधारण दोन आठवड्यांत तो सावरतो. एनआयव्हीने व्हेरो पेशींत वेगळ्या केलेल्या विषाणूपासून कोव्हॅक्सिन तयार झाली आणि तिची चाचणी हॅमस्टर व ऱ्हीसस माकडे या दोन्हींवर झाली. पाच-पाचच्या चार गटांत 20 माकडे होती. तीन गटांना दोन आठवड्यांच्या अंतराने लसीचे दोन डोस दिले, चौथ्याला दिले नाहीत. त्यानंतर दोन आठवड्यांनी सर्वांना विषाणू देण्यात आला. न्यूमोनियाच्या खुणा आढळल्या त्या लस न दिलेल्या गटातच. हे काम अतिसुरक्षित कक्षात करावे लागते, ते खर्चाचे असते आणि माकडे मोजकीच मिळतात. त्यामुळे प्रश्न आधीच नेमका ठरवून घ्यावा लागतो.

काही विषाणू कोणताच सोयीचा यजमान मानत नाहीत. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस 1972 साली दिसला, पण प्रयोगशाळेत नीट वाढला तो 2016 मध्ये, मानवी आतड्याच्या मूळ पेशींपासून बनवलेल्या सूक्ष्म आतड्यांत. त्याच्या काही प्रकारांना तिथेही पित्त घालावे लागते. अशा ऊतींना ताप येत नाही आणि रक्तातील संरक्षक पेशीही त्यांच्यात नसतात. भारतात 2023 मधील नियमदुरुस्तीने औषधांच्या प्राथमिक चाचण्यांत अशा बिगर-प्राणी पद्धतींना मान्यता दिली आहे. त्यांची सक्ती मात्र नाही.