नाताळाआधीचे चार रविवार

वसईला लोक नाताळचे गोठे आणि कंदील बघायला येतात. मला विचाराल तर त्याआधीचा आगमनकाळही अनुभवा. चार रविवार, चार मेणबत्त्या: तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची, आनंदाची, गुलाबी. या चारही रविवारांच्या मिस्सेत गौरवगीत गात नाहीत. ते नाताळच्या रात्री घंटांच्या गजरात परत येतं, तेव्हा अंगावर काटा येतो! आणि हे सगळं मराठीत.

आगमनकाळ चार रविवारांचा; गरजूंना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं काम मात्र वर्षभराचं. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी ती सुरू केली. पद्धत आजही तीच: चर्चमधली साधी माणसं गरजूंच्या घरी स्वतः जातात, शेजारी बसून विचारपूस करतात, मग मदत. नाताळात या घरांना आधी भेट द्यायला हवी.