मोठा पडदा : सोयीचा कीं गैरसोयीचा ?

स्मार्टफोनचा पडदा जितका मोठा तितका तो उत्तम, असा पुष्कळांचा समज असतो. तो कितपत खरा, हें पाहूं.

पडद्याचें माप कर्णानें सांगतात. २००७ सालच्या पहिल्या आयफोनचा कर्ण ३.५ इंच होता. २०११ च्या गॅलेक्सी नोटचा ५.३ इंच झाला. परंतु फोन मुठींत मावणें हें मुख्यतः रुंदीवर अवलंबून असतें. १६:९ प्रमाणाचा ५.५ इंची व २०:९ प्रमाणाचा ६.५ इंची, या दोन्ही पडद्यांची रुंदी सुमारें २.७ इंचच भरते. वाढते ती उंची. म्हणून अंगठा वरच्या टोकास पोंचत नाहीं. पायथागोरसच्या सिद्धांतानें विद्यार्थ्यांनीं हा हिशेब अवश्य करून पाहावा.

आतां आपल्या आर्णीकडील शेतकऱ्याचें उदाहरण घ्या. २०२१ सालीं राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली. कपाशींत उभें राहून पिकाचें छायाचित्र घ्यावयाचें व गट क्रमांक वाचावयाचा, तेथें मोठीं अक्षरें वृद्ध डोळ्यांस उपकारक होतात. उलट एका हातीं पिशवी असतां तोच फोन सांभाळणें जड जातें.

सारांश, वाचन अधिक त्यास मोठा पडदा, संभाषण अधिक त्यास लहान. दुकानांत केवळ कर्णाचा आंकडा न पाहतां, फोन एका हातीं धरून अंगठा फिरवून पाहावा. मगच पैसे मोजावे.