भाजक कोणता घ्याल?

फोनवरून वजन घटवण्याचे वर्ग निघाले आहेत. त्यांतला परवडणारा कोणता? तुम्ही म्हणाल, सोपे आहे. वर्गणीला घटलेल्या किलोंनी भागायचे. थांबा!

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचे छायाचित्र आले: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक दोघांचाही २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! काट्याला हे कसे कळावे? मधुमेहाचा धोका तर पोटातल्या चरबीने वाढतो. म्हणून किलोंबरोबर कंबरेचे सेंटिमीटरही मोजावेत. घरातल्या मोठ्यांचे हं, वाढत्या वयातल्या तुमचे नव्हे.

समजा, दोन वर्गांची वर्गणी सारखीच. एकाने चार किलो घटले, कंबर तेवढीच. दुसऱ्याने दोनच किलो, पण कंबर सहा सेंटिमीटरने उतरली. स्वस्त कोणता?